भाग ३७ : एकशे एकोणपन्नास कवट्या आणि इरावतीबाई

(हा भाग ऐकायला वेळ नसलेल्यांसाठी नेहमीप्रमाणे लिखित रूप. बोलताना घातलेले 'म्हणजे', 'तर' आणि 'काय म्हणतात ते' शक्य तितके काढलेत. दोनतीन ठिकाणी मागे ट्रेलरचा हॉर्न होता, तोही सुदैवाने लिहिता येत नाही.)

महाळुंग्यातून बोलतोय. म्हणजे चाकणजवळचं महाळुंगे, बालेवाडीशेजारचं नव्हे. दर वेळी हे सांगावं लागतं, कारण कुरिअरवाल्यापासून पाहुण्यांपर्यंत सगळे आधी तिकडेच जातात.

या भागाचा विषय आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये ठरला. आमच्या टीममधली एक मुलगी जर्मनीला एम.एस. करायला निघालीय. आमच्या पट्ट्यात यात नवल काही नाही. चाकणला फोक्सवॅगन आहे, मर्सिडीज आहे, त्यांना माल पुरवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्या आहेत, आणि प्रत्येक बसमध्ये कोणीतरी कानात हेडफोन घालून जर्मनची उजळणी करत असतं. हिची अडचण वेगळी. लग्न झालंय, कर्ज काढावं लागणार आहे, नवरा 'जा' म्हणतोय आणि सासरे म्हणतायत, 'एवढं शिकून आता अजून काय करायचंय?' जेवताना तिने मला विचारलं, "तू एवढे भाग करतोस, आपल्याकडची अशी कोणी बाई सांग ना, जी गेली, शास्त्र शिकली, आणि त्याचं पुढे काही झालं. आनंदीबाई नको. त्या बिचाऱ्या परत आल्या आणि गेल्या."

मी म्हटलं, इरावती कर्वे. ती म्हणाली, "त्या 'युगान्त'वाल्या? त्या लेखिका ना?"

हाच आपला घोळ आहे. आपण इरावतीबाईंना 'युगान्त'मुळे ओळखतो. १९६७ सालचं पुस्तक, १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार, महाभारतातल्या माणसांवरचे लेख. पण ही बाई पेशाने शास्त्रज्ञ होती. मानवशास्त्रज्ञ. तिची पीएच.डी. माणसाच्या कवटीवर आहे, आणि ती बर्लिनला झालेली आहे. आज बोलायचंय ते त्याबद्दल.

आधी थोडं मागे. इरावतीबाईंचं जन्मनाव इरावती करमरकर. जन्म १५ डिसेंबर १९०५, ब्रह्मदेशात, मिंग्यान नावाच्या गावी. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत इंजिनिअर होते. इरावती हे तिथल्या नदीचं नाव, तेच मुलीला ठेवलं. म्हणजे परदेशात नोकरीला गेलेल्या मराठी इंजिनिअरची मुलगी. आज दुबईत किंवा टेक्सासात जन्मलेल्या आपल्या भाचेकंपनीसारखीच गोष्ट, फक्त शंभर-सव्वाशे वर्षं आधीची. सात वर्षांची असताना तिला पुण्यात पाठवलं, हुजूरपागेच्या वसतिगृहात. सात वर्षांची! आई-वडील समुद्रापलीकडे. तिथे तिची मैत्री झाली शकुंतला परांजपेंशी, आणि पुढे ती रँग्लर परांजप्यांच्या घरीच राहिली, जवळपास त्यांची मुलगी म्हणून. रँग्लर परांजपे म्हणजे केंब्रिजला गणितात पहिले आलेले, फर्ग्युसनचे प्राचार्य. घरात पुस्तकं, वादविवाद आणि पक्की नास्तिक हवा. देशांतर म्हटलं की आपल्याला विमानतळ आठवतो. या मुलीचं पहिलं देशांतर ब्रह्मदेशातून पुण्याकडे झालं, आणि मला वाटतं त्याने तिला एक सवय लावली : आपल्याच माणसांकडे थोडं बाहेरून बघायची.

फर्ग्युसनमधून तत्त्वज्ञान घेऊन १९२६ ला बी.ए. मग मुंबई विद्यापीठात गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली समाजशास्त्र. एम.ए. चा प्रबंध चित्पावन ब्राह्मणांवर, म्हणजे स्वतःच्याच जातीवर. शिकत असतानाच दिनकर धोंडो कर्वे यांच्याशी लग्न. दिनकरराव रसायनशास्त्राचे प्राध्यापक, स्वतः जर्मनीत पीएच.डी. करून आलेले. आणि सासरे कोण? महर्षी धोंडो केशव कर्वे. विधवांसाठी आश्रम काढलेले, १९१६ ला महिला विद्यापीठ काढलेले.

तर आता ऐका. दिनकररावांना वाटत होतं, बायकोने जर्मनीला जावं, आपण शिकलो तशी तिनेही पीएच.डी. करावी. आणि विरोध केला तो महर्षी कर्व्यांनी. हो, त्यांनीच. मी हे कँटीनमध्ये सांगितलं तेव्हा ती मुलगी चमचा खाली ठेवून दोन मिनिटं नुसती हसत होती.

यात अण्णासाहेबांना खलनायक करायचं कारण नाही. पण स्त्रीशिक्षण हवं म्हणणं वेगळं आणि आपल्या घरातली सून साता समुद्रापार एकटी जाणार हे पचवणं वेगळं, हा फरक एवढ्या मोठ्या माणसालाही चुकला नाही. दिनकररावांनी ऐकलं नाही. पैसे नव्हते, ते कर्जाऊ मिळाले जीवराज मेहतांकडून, जे पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले. आणि १९२० च्या दशकाच्या अखेरीस इरावतीबाई बोटीने निघाल्या.

बर्लिन. डाह्लेम नावाचं उपनगर, तिथे १९२७ मध्ये सुरू झालेली कैसर विल्हेल्म संस्था. संस्थेच्या पूर्ण नावात तीन गोष्टी होत्या : मानवशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि युजेनिक्स. युजेनिक्स म्हणजे 'चांगल्या' वंशाची पैदास वाढवा, 'वाईट' वंशाची थांबवा, हे शास्त्राच्या नावाने सांगणारा विचार. तो फक्त जर्मनीत नव्हता. अमेरिकेत, इंग्लंडमध्येही जोरात होता, आपल्याकडेही त्याचे चाहते होते. संस्थेचे संचालक ऑयगन फिशर. हेच इरावतीबाईंचे मार्गदर्शक. फिशरांनी तरुणपणी आज ज्याला नामिबिया म्हणतात त्या जर्मन वसाहतीत मिश्र वंशाच्या लोकांचा अभ्यास करून नाव कमावलं होतं. १९३३ ला हिटलर सत्तेवर आला आणि त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. पुढे याच संस्थेचे धागे ऑशविट्झपर्यंत गेले. फिशरांनंतर संचालक झालेल्या फेरशुअरचा सहायक होता योझेफ मेंगेले. अर्थात हे सगळं नंतरचं. इरावतीबाई गेल्या तेव्हा ती जगातली एक नावाजलेली प्रयोगशाळा होती, आणि फिशर नावाजलेले शास्त्रज्ञ. आज एखाद्याला मोठ्या लॅबमध्ये प्रवेश मिळाला की आपण पेढे वाटतो, तसंच.

फिशरांनी त्यांना काम दिलं ते असं. माणसाची कवटी डावी-उजवी अगदी सारखी नसते. आरशात बघा, चेहराही नसतो. फिशरांचं गृहीतक होतं की गोऱ्या युरोपीय लोकांच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग जास्त वाढलेला असतो, तर्कबुद्धी जास्त म्हणून. त्यामुळे त्यांच्या कवट्या जास्त असमान असणार. बाकीच्या वंशांच्या कवट्या त्या मानाने समान. म्हणजे कवटीच्या मापावरून अक्कल, आणि अकलेवरून कोण कोणावर राज्य करायला लायक आहे ते. मोजायचं होतं फक्त पहिलं. दुसरं आणि तिसरं आधीच ठरलेलं होतं.

इथे जरा थांबून मोजायचं कसं ते बोलूया, कारण आपल्या पट्ट्यातल्या लोकांना हे चटकन कळेल. समजा कवटीवर एक ठरावीक खूण घेतली, डाव्या बाजूला एक आणि उजव्या बाजूला तिची जोडीदार. मधल्या रेषेपासून दोन्हींचं अंतर मोजलं. डावं ६१.४ मिलिमीटर, उजवं ६२.१. (आकडे माझे, समजावण्यापुरते.) फरक ०.७. मग अशा बऱ्याच जोड्या, बऱ्याच कवट्या. आता खरा प्रश्न येतो. हा ०.७ कवटीचा आहे की तुमच्या हाताचा? तीच कवटी उद्या परत मोजली तर ०.३ येईल का? शॉपफ्लोअरवर याला आपण गेज आर अँड आर म्हणतो : एकच पार्ट, तीन ऑपरेटर, दोनदोन-तीनतीनदा मापं, आणि बघायचं की तफावत पार्टमध्ये आहे की मोजण्यात. क्वालिटीवाल्यांना झोपेतून उठवून विचारा, सांगतील. मोजण्यातलीच तफावत मोठी असेल तर पार्ट पास का फेल, बोलण्यात अर्थ नाही.

पुढचा प्रश्न. समजा फरक खराच आहे, कवटीचाच आहे. तो वंशामुळे आहे का? की वयामुळे, बाई की पुरुष यामुळे, लहानपणी कोणत्या कुशीवर झोपवलं त्यामुळे, की जमिनीत पुरल्यावर मातीच्या दाबाने? आणि शेवटचा, सगळ्यात महत्त्वाचा. एका गटाची सरासरी दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त आली, पण गटाच्या आतच माणसामाणसांत त्याच्या दहापट फरक असला, तर त्या सरासरीतून एका माणसाबद्दल काय कळतं? काही नाही.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. त्यात युरोपीय होत्या आणि आफ्रिकेतून आणलेल्याही होत्या. 'आणलेल्या' हा शब्द मी सहज वापरला, पण तो सहज नाहीय. वसाहतींच्या काळात कबरी उकरून, कधी फाशी दिलेल्यांची डोकी कापून ही 'सामग्री' युरोपात गेली. बर्लिनच्या संग्रहालयांकडे असलेल्या पूर्व आफ्रिकेतल्या सुमारे अकराशे कवट्यांचं मूळ शोधायचं काम तर अगदी अलीकडे झालं, आणि काहींच्या आजच्या नातेवाइकांपर्यंत पोचता आलं.

निष्कर्ष? असमानता असते, सगळ्यांच्याच कवटीत असते, ती नॉर्मल आहे. पण तिचा वंशाशी संबंध दिसत नाही. गृहीतक पडलं.

वाचायला हे एक वाक्य आहे. पण त्या जागी स्वतःला ठेवून बघा. वय पंचविशीच्या आत. परक्या भाषेत प्रबंध. देश गुलाम, त्वचा सावळी, आणि विषय हाच की सावळ्या लोकांना अक्कल कमी असते की नाही. डोक्यावर कर्ज. घरी सासऱ्यांना हे जाणंच पसंत नव्हतं, त्यामुळे पदवीशिवाय परत जाण्याची सोय नाही. आणि पदवी ज्याच्या सहीवर अवलंबून, त्याचंच म्हणणं चुकीचं आहे असं लिहायचं. तेही 'मला वाटतं' म्हणून नाही, त्याच्याच लॅबमध्ये, त्याच्याच पद्धतीने मोजून.

फिशरांनी पदवी अडवली नाही. पण श्रेणी सगळ्यात खालची दिली, असं त्यांच्या चरित्रात आलंय. ('इरू' नावाचं इंग्रजी चरित्र २०२४ ला आलं. लेखक दोघं : ऊर्मिला देशपांडे, म्हणजे इरावतीबाईंची नात, गौरी देशपांड्यांची मुलगी, आणि तियागो पिंतो बार्बोसा.) १९३० मध्ये डॉक्टरेट घेऊन त्या परत आल्या.

आता एक कबुली. माझ्या आधीच्या एका नोकरीत मला कॅमेऱ्याच्या तपासणीचा अहवाल करायचा होता. नवीन सिस्टीम जुन्यापेक्षा चांगली आहे हे दाखवायचं, हे मीटिंगमध्ये आधीच ठरलेलं. डेटा आला, आणि फरक नव्हता. मला सांगितलं गेलं, 'थ्रेशोल्ड जरा बघ ना.' मी बघितला. दोन दिवस बघितला. फरक आला. कोणाचा जीव गेला नाही, कोणाला कळलंही नाही, मला त्या वर्षी चांगली पगारवाढ मिळाली. माझ्या डोक्यावर ना कर्ज होतं, ना बर्लिन. म्हणून १४९ हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला पहिल्यांदा शूर बाई आठवली नाही, तो थ्रेशोल्ड आठवला.

बरं, पुढे. परत आल्यावर लगेच कोणी प्रयोगशाळा घेऊन उभं नव्हतं. काही वर्षं त्या सासऱ्यांनीच काढलेल्या महिला विद्यापीठाच्या रजिस्ट्रार होत्या. पीएच.डी. करून आलेली बाई परीक्षांचे कागद सांभाळतेय, हे चित्र आजही परकं नाही. १९३९ ला डेक्कन कॉलेज संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झालं आणि तिथे त्यांना जागा मिळाली. येरवड्याचं ते झाडीतलं आवार. तिथून त्या निवृत्तीपर्यंत हलल्या नाहीत. पुरातत्त्ववाले ह. धी. सांकलिया तिथलेच सहकारी. दोघांनी मिळून गुजरातेत लांघणजला अश्मयुगीन माणसांचे सांगाडे उकरले. १९४७ ला सायन्स काँग्रेसच्या मानवशास्त्र विभागाच्या त्या अध्यक्ष होत्या. घरी दिनकरराव संसाराचं बरंच बघायचे. बाई नवऱ्याला 'दिनू' म्हणायच्या आणि पुण्यात स्कूटर चालवायच्या, याचंच तेव्हा लोकांना जास्त अप्रूप असावं.

इथे मला एक गोष्ट लपवायची नाहीय, कारण लपवली तर हा भाग नुसती आरती होईल. बर्लिनला वंशाचं गृहीतक पाडून आलेल्या इरावतीबाईंनी मोजपट्टी टाकून दिली नाही. परत येऊन त्यांनी महाराष्ट्रात, पुढे इतर प्रांतांतही, जातीजातीच्या लोकांची डोकी, नाकं, उंच्या मोजल्या. वि. म. दांडेकरांसारख्या संख्याशास्त्रज्ञाबरोबर १९५१ ला महाराष्ट्रातल्या मापांचं पुस्तक काढलं. म्हणजे हत्यार तेच, ज्याने फिशर वंश मोजत होता. यावर आजचे अभ्यासक टीका करतात आणि ती मला रास्त वाटते. जात शरीरात शोधायची हा प्रश्नच मुळात त्या शाळेतून आला होता.

पण उत्तरं बघा काय आली. तेव्हाची समजूत अशी की एक मूळ ब्राह्मण जात होती, ती फुटून पोटजाती झाल्या. इरावतीबाईंचं म्हणणं उलटं : आधी वेगवेगळे गट होते, तेच शेजारी येऊन एका पायरीवर बसले. १९६८ मध्ये कैलास मल्होत्रांबरोबर त्यांनी एकाच दर्जाच्या आठ गटांची, सगळे महाराष्ट्रातले ब्राह्मण, जैविक तुलना छापली. नाव एक, दर्जा एक, पण गट एकमेकांपासून चांगलेच वेगळे. म्हणजे जे 'एक' म्हणवतात ते एक नाहीत. बर्लिनला जे वेगळे म्हणवले जात होते ते तसे वेगळे निघाले नव्हते. दोन्ही वेळा लेबल एक सांगत होतं आणि डेटा दुसरं.

शिवाय त्यांचं मोठं काम मोजपट्टीचं नाहीच. १९५३ चं भारतातल्या नातेसंबंधांवरचं पुस्तक, ज्यात कुठल्या भाषेत मामाच्या मुलीला काय म्हणतात इथपासून कोणाचं लग्न कोणाशी चालतं इथपर्यंत सगळा देश मांडलाय. कोणी विचारलं 'यात शास्त्र काय', तर मी म्हणेन, डेटाबेस आहे तो. फक्त तो पायी फिरून भरलेला आहे.

पायी फिरण्यावरून आठवलं. आमच्याकडून एका हाताला देहू, दुसऱ्या हाताला आळंदी. आषाढी वारीच्या वेळी चाकण रोडला ट्रॅफिक वळवतात तेव्हा सगळे कंपनीवाले कुरकुरतात. इरावतीबाई ज्ञानोबांच्या पालखीबरोबर चालल्या होत्या आणि त्यावर 'वाटचाल' नावाचा लेख लिहिला. वाचाच. भक्तीने त्या भारावल्यात, आणि त्याच वेळी डोळे उघडे आहेत : एकाच दिंडीत अभंग एकत्र म्हणणारे लोक जेवायला बसताना जातीने वेगळे बसतात, हे त्यांना टोचतं. मंत्रमुग्ध होऊनही मोजणं सोडलं नाही. या लेखाचं पुढे इंग्रजी भाषांतर झालं आणि ते परदेशातल्या अभ्यासकांनीही वाचलं.

आणि एक काम, जे आमच्या खेड तालुक्यात तरी माहीत असायला हवं. कोयना धरणात ज्यांची गावं गेली त्यांचं पुढे काय झालं, याची पाहणी त्यांनी मुलगी जाई निंबकर यांच्याबरोबर केली. १९६९ ला ती छापली. धरणग्रस्तांना जाऊन विचारायचं, काय मिळालं, कुठे गेलात, कोण बरोबर आलं, हे त्या काळी फार थोडे लोक करत होते. भामा-आसखेडचे धरणग्रस्त इतकी वर्षं आंदोलन करतायत, त्यांच्या बातम्या वाचताना मला ही पाहणी आठवते.

पुढच्या वर्षी, ११ ऑगस्ट १९७० ला त्या गेल्या. वय चौसष्ट.

'परिपूर्ती' नावाचा त्यांचा एक छोटा लेख आहे. सभेत त्यांची ओळख करून देतात : अमक्यांची मुलगी, तमक्यांची सून, ह्यांची बायको. काहीतरी राहिलंय असं त्यांना वाटत राहतं. मग रस्त्यात पोरं कुजबुजतात की ही आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई, आणि ओळख पूर्ण होते. पूर्वी मला हा लेख गोड वाटायचा. आता वाटतं, बाई मिश्कील होती. त्या यादीत 'फिशरला खोटं पाडणारी' हे कोणी म्हटलंच नाही, आणि तिनेही आठवण करून दिली नाही.

हे सगळं मी कँटीनमध्ये तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं, तीन दिवस लागले. शेवटी ती म्हणाली, "कर्ज फेडलं का त्यांनी?" मला माहीत नव्हतं. तिने मात्र त्याच आठवड्यात बँकेत कागद दिले. सासऱ्यांना महर्षी कर्व्यांची गोष्ट सांगितली का, विचारलं, तर म्हणाली, "सांगितली. ते म्हणाले, मग अण्णासाहेबांचंच बरोबर असेल."

पुढच्या भागात बॅटरी का फुगते. प्रश्न पाठवून ठेवा.